अंदाजाची रेघ

१

चिमणे, मी एकदा एक व्रत घेतलं होतं. ते तुला माहीत आहे, तू डोळ्यांनी पाहिलंस, तरी आज पहिल्यापासून सांगते. आत नळ चालू आहे तोवर होईल सांगून. बस, पोळपाट राहू दे.

तशी मी व्रतांचीच बाई. मामंजी म्हणतात, "आमच्या सूनबाईचं सगळं ऐकायचं तर देवाला दुसरा देव मदतीला घ्यावा लागेल." म्हणू देत. मागून काही मिळतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण मागताना मन ताळ्यावर राहतं, एवढा अनुभव आहे.

हे त्या मालवाहू जहाजावर दुसरे अधिकारी, तुझे त्याच जहाजावर इंजिनाकडे. परतीच्या वाटेवर जहाज कुठे आहे ते सांगणारं यंत्र बंद पडलं, आणि वर आभाळ असं गच्च की सूर्य नाही, तारा नाही. कंपनीच्या ऑफिसातून रेडिओवाले कारकून फोन करून म्हणाले, "वहिनी, आता जहाज अंदाजाने येणार." अंदाजाने! मी तिथेच खुर्चीत बसले.

मामंजी तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडून होते. उभा जन्म त्यांनी समुद्रावर काढलेला. ते हसले. "घाबरतेस काय? मला आत्ता काही दिसतंय का? तरी संडासापर्यंत जातोच ना? पलंगाची जागा पक्की माहीत आहे, तोंड कुठे आहे ते माहीत आहे, पाऊल केवढं पडतं ते माहीत आहे. झालं. जहाज याहून काही वेगळं करत नाही."

मग त्यांनी मला शिकवलं. ढग येण्याआधी जहाजाने खडकावरचं दीपगृह पाहिलं होतं, ती शेवटची पक्की जागा. तिथून जहाजाचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेने पट्टी ठेवायची. ज्या वेगाने जितका वेळ गेलं, तेवढं अंतर कर्कटकाने मोजून ठिपका द्यायचा. मग वाऱ्याने आणि पाण्याच्या प्रवाहाने जहाज जेवढं ढकललं असेल तेवढा ठिपका सरकवायचा. रेडिओवाले रोज सकाळी दिशा, वेग, वारा, प्रवाह सांगत. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मी देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, आजचा ठिपका दिल्याशिवाय घास घेणार नाही, आणि रेघ बंदराला टेकेपर्यंत हे व्रत सोडणार नाही.

तू रोज वर यायचीस. माझ्या रेघेवर पातळ कागद ठेवून गिरवायचीस आणि खाली नेऊन फ्रिजच्या दाराला लावायचीस. अजून तिथेच आहे तो. मला इथून दिसतोय.

२

रेघ भराभर पुढे सरकत होती. मामंजी विचारायचे, "कुठवर आलं?" मी सांगायचे, आणि ते भुवया वर करून म्हणायचे, "बरंच पळतंय की जहाज! घरची ओढ म्हणतात ती हीच." आम्ही दोघंही हसायचो. चांगली बातमी कुणी उलटी करून बघत नाही गं.

ज्या सकाळी ठिपका बंदरावर पडला, त्या सकाळी मी पट्टी उचलते न उचलते तोच बेल वाजली.

हे दारात. खांद्याला तीच बॅग, दाढी थोडी वाढलेली. जहाज बाहेर नांगरून ठेवलंय, आम्हाला छोट्या बोटीने पुढे सोडलं, असं म्हणाले. खाली तुझा ओरडा ऐकू आला, "आले, आले!" मला वाटलं, देवाने दोन घरांत एकदम दिवा लावला.

मी वाकून बॅग घेतली. हे आत गेले. आणि पायपुसण्यावर माझं पाऊल पडलं तर ते ओलंगच्च. मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. बूट कोरडे ठणठणीत होते, टाचांना धूळसुद्धा होती. पायपुसणं उचललं तर खालून पाणी ओघळलं, जरा चिकट, आणि त्याला वास होता. फुलदाणीत आठवडाभर राहिलेलं पाणी ओतताना येतो ना, तो.

बाहेर जिना धुतला असेल, मी स्वतःला म्हटलं. जिना कोरडा होता. तरी म्हटलं.

३

किळस हा शब्द नवऱ्याबद्दल वापरायचा नसतो, असं मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. म्हणून पहिले काही दिवस मी दुसरे शब्द शोधत राहिले. थकवा म्हटलं. समुद्राचं पाणी अंगात मुरलंय म्हटलं. नळाखाली तासन्‌तास बसतात, बसू देत, इतके दिवस मोजून पाणी वापरलं असेल.

पण टॉवेल. त्यांनी अंग पुसलेला टॉवेल मी दोरीवर टाकायला घेतला, आणि तो माझ्या हातातून घसरला. साबण राहिला असेल म्हणून पिळला, तर बोटांमधून तारा निघाल्या. भेंडी चिरताना सुरीला धरतात तशा, फक्त करड्या. गरम पाण्यात सोडा घालून उकळला. बुळबुळ गेली नाही, उलट पातेल्याला साय धरली. ते पातेलं मी फेकून दिलं. तुला म्हटलं होतं करपलं.

हात हातात घेतला की कातडी आतल्या हाडावरून सरकायची, ओल्या उशीवरचा अभ्रा सरकतो तशी. उशीवर सकाळी डोक्याचा नाही, सबंध तोंडाचा ठसा असायचा, ओला, आणि त्यावर चिलटं. दारं-खिडक्या बंद, तरी चिलटं. मी अभ्रे बदलत होते, उदबत्त्या लावत होते, आणि घासागणिक पदर नाकाला लावत देवाचे आभार मानत होते. कारण माणूस घरी आला होता ना!

आणि मग ते दुसरं. ते आधी मामंजींच्या औषधाच्या वेळी लक्षात आलं. मी म्हटलं, "जरा दिवा लावा." यांनी हात उचलला आणि बटणाच्या शेजारची भिंत दाबली. बटणापासून चार बोटं अंतरावर. दिवा लागला नाही, तरी हात खाली घेऊन म्हणाले, "लावला."

पेला टेबलावर ठेवायचे तो काठाच्या पलीकडे. पेला पडायचा, फुटायचा, आणि हे रिकाम्या हवेतून परत पेला उचलायला जायचे. खुर्चीवर बसायचे ते अर्धं अंग बाहेर. मी विचारलं, "डोळे दाखवायचे का डॉक्टरांना?" तर म्हणाले, "साधारण बरे आहेत." सगळ्यालाच साधारण. धाकट्या नणंदेचं लग्न कधी झालं? साधारण मागे. मी काय आवडीने खाते? साधारण गोडच. बोलणं अगदी यांच्यासारखं मायेचं, पण कशालाच नेमका धक्का लागायचा नाही.

यांच्या हनुवटीवर एक जुनी खूण आहे, लहानपणी पायरीवर आपटल्याची. ती जरा बाजूला दिसली. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं नाहीस, कसली बायको तू! दुसऱ्या दिवशी ती आणखी बाजूला होती. आणि ओठही. आणि, चिमणे, ते माझ्याकडे तोंड करून बसले की सगळं त्यांच्या उजवीकडे सरकलेलं असायचं, पाठ फिरवून आरशापुढे उभे राहिले की आरशात डावीकडे. जणू ते अंगाबरोबर वळतच नव्हतं. तोंड कुठेही असो, त्यावरचं सगळं आमच्या पूर्वेच्या खिडकीकडे ओढलेलं. मान फिरवली की ओठ गालावरून हळूच वाहत जायचे, ताटातली पातळ आमटी ताट कलतं केल्यावर जाते तसे, आणि वाहताना बारीक आवाज यायचा.

त्या दिवसापासून माझ्या मनात 'हे' म्हणणं थांबलं. मी ठरवून नाही थांबवलं. तो. तो बसलाय. तो न्हातोय.

४

मामंजींची पट्टी अजून सुटली नव्हती. मी त्यांच्यापाशी गेले, पण मुलाबद्दल बापाला काय सांगायचं? पलंगाशी नुसती उभी राहिले.

तेच म्हणाले, "सूनबाई, जरा माझे पाय पूस."

"का हो, काय झालं?"

"परवा तो पाया पडला ना. अजून वाळले नाहीत."

मी पांघरूण दूर केलं. दोन्ही पावलांवर बोटांचे ठसे होते, ओले, बुळबुळीत, आणि ठशांखालची कातडी पांढरी फटक पडून सुरकुतली होती. मी पदराने पुसलं, पदराला तारा आल्या. मामंजींनी चाचपत पांघरूण परत ओढून घेतलं. मग थट्टेच्या सुरात म्हणाले, पण सूर लागला नाही, "माझा पोरगा लहानपणी आंघोळीच्या नावाने घरभर पळायचा. त्याला पाण्याचं एवढं वेड कधी लागलं गं?"

तेवढ्यात फोन वाजला. रेडिओवाले. "वहिनी, घ्या लिहून. दिशा पूर्व, वेग कालचाच, वारा पश्चिम, प्रवाह पश्चिम."

"भाऊजी, हा जुना संदेश वाचताय."

"जुना कसा? आत्ता उतरवून घेतला. हां, आणि तुमच्या साहेबांनी जहाजावरून सांगितलंय, बाबांच्या डोळ्यांचं कळवा. तुम्ही मधले चार दिवस फोन उचलला नाहीत, आम्ही इथे उगाच काळजीत."

बरोबर होतं ते. फोन मी उचलला नव्हता. माणूस घरात असताना त्याचा ठावठिकाणा कशाला विचारायचा?

न्हाणीघरात नळ चालू होता. दाराखालच्या फटीतून पाणी बाहेर येत होतं आणि उताराच्या उलट, खिडकीकडे चाललं होतं.

५

"नकाशा आण," मामंजी म्हणाले. "एकेक ठिपका वाच. काय काय केलंस ते सांग."

मी दीपगृहापासून सुरुवात केली. दिशा, वेग, अंतर. ते मान डोलावत होते.

"वारा?"

"पश्चिम. म्हणजे पश्चिमेकडून. म्हणून जहाज पुढे ढकललं, घराकडे."

"शाब्बास. प्रवाह?"

"तोही पश्चिम. तोही पुढे ढकलला."

मामंजी उठून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असे एका झटक्यात. "अगं बाई," ते म्हणाले, "वाऱ्याचं बघायचं तो कुठून आला. प्रवाहाचं बघायचं तो कुठे चालला. प्रवाह पश्चिम म्हणजे पश्चिमेकडे जाणारा. तो जहाजाला रोज मागे ओढत होता, आणि तू रोज पुढे ढकललंस. मला विचारायचं सुचलं नाही. हे समुद्रावरच्या पोरालाही माहीत असतं, म्हणून घरात सांगायचं राहून गेलं."

"मग जहाज?"

"कुठलं बंदर नि कुठलं काय! अजून भर समुद्रात आहे. रेघ पूर्वेला गेलीय तुझी. खूपच पूर्वेला."

आम्ही दोघंही पाण्याचा आवाज ऐकत राहिलो.

"पुसून टाक," मामंजी हलक्या आवाजात म्हणाले. "बंदरापासून मागे, दीपगृहापर्यंत. मग नीट मांड."

"आणि हा जो आलाय तो?"

"एका माणसाच्या दोन जागा नसतात, सूनबाई. तू ही ठेवलीस तर ती जाईल."

मी रबर घेतलं. आधी बंदरावरचा ठिपका. रबराचा भुगा कोरडा असतो ना? हा ओला निघाला. करडा, गांडुळासारखा लांबट, आणि बोटाला चिकटला की आकसायचा. पदर तोंडावर धरून मी पुसत राहिले. न्हाणीघरातला नळ बंद झाला.

"अगं, काय करतेस?"

यांचाच आवाज. तीच माया, तोच शेवटी खाली उतरणारा सूर. फक्त तो न्हाणीघरातून आला नाही. शेजारच्या भिंतीतून आला, जिथे नुसती वीट आहे.

"काही नाही," मी म्हटलं. आवाज माझाच मला परका वाटला.

"घरी आलोय ना मी? व्रत पुरं झालं ना तुझं?"

खोटं कशाला सांगू, माझा हात थांबला. आपण मागणाऱ्या बाया. मागितलेलं दारात आल्यावर जा म्हणायला जीभ वळत नाही. मला वाटलं, राहू दे. घासते टॉवेल, बदलते अभ्रे. निदान घरात माणूस आहे. आणि तेवढ्यात मला ते चार दिवस आठवले. तिकडे भर समुद्रात खरे हे, डोळे चोळत, अंदाजावर जहाज चालवत बापाच्या डोळ्यांची चौकशी करतायत, आणि इथे मी त्यांच्या निरोपाचा फोन नुसता वाजू देतेय.

मी पुन्हा पुसायला लागले, जोरात, कागद फाटेल इतकं. रेघेचा एकेक तुकडा पुसला की आत काहीतरी फरशीवर पडत होतं, ओला कपडा पडतो तसं, थप्प, आणि मग फरफटत होतं. आता दीपगृहाजवळचा तुकडाच उरला होता. न्हाणीघराचं दार उघडलं.

मी बघणार नव्हते. पण बायकोची मान वळतेच.

पाठमोरा नव्हता, समोर तोंड करून उभा होता, टॉवेल धरून. जिथे नाक-डोळे असायला हवेत तिथे ओली, गुळगुळीत, नुसती कातडी होती, उकडलेल्या अंड्यासारखी. बाकीचं सगळं पूर्वेला वाहून गेलं होतं, कानाच्याही मागे, आणि तिथून, भिजलेल्या केसांतून, एक डोळा मला शोधत होता. अंदाजाने. मी बसले होते त्याच्या थोडं पलीकडे तो बघत होता आणि मला बघितल्यासारखा हसत होता.

मी शेवटचा तुकडा पुसला. बादली उपडी केल्यासारखा आवाज झाला.

मग मी फिनाईल घेऊन आत गेले. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता होता, यांच्यासारखेच, कानशिलापाशी पिकलेले, आणि त्याभोवती साबुदाण्यासारखा लगदा. काडीने ओढून काढला. तो सहज सुटेना. हाताला जी ओढ जाणवली, ती मी तुला सांगणार नाही.

६

त्याच दुपारी मधल्या चार दिवसांचे आकडे रेडिओवाल्यांकडून मागून मी नवी रेघ मांडली, प्रवाह मागे ओढत. आणि बघ, देवाची कृपा कशी असते. आज सकाळी रेडिओवाले फोनवर ओरडलेच, "वहिनी, ढग फाटले! बेटावरचा दिवा दिसला, जहाजाला पक्की जागा मिळाली!" त्यांनी जागा सांगितली. मी कर्कटक ठेवलं. माझा ठिपका तिथेच होता, पेन्सिलीच्या टोकाएवढा इकडे-तिकडे. मामंजी पट्टीच्या खालून रडले. आता लवकरच लागेल जहाज बंदराला, आणि या वेळी मी रेघ बघूनच दार उघडणार आहे.

तुला मी जिन्यात म्हटलं ना, आमचे हे परत कामावर गेले? ते खोटं नव्हतं. ते कामावरच आहेत.

चिमणे, माझा हात धर. रेडिओवाल्यांनी आणखी एक निरोप दिलाय, तुझ्या घरचा. "इंजिनवाले सांगतायत, फ्रिजचं दार मी आल्यावर बसवीन, चिमणीला हात लावू देऊ नका, बोट चिमटवून घेईल." आजचा निरोप आहे. जहाजावरून. सगळे सुखरूप आहेत गं. सगळे तिथे आहेत.

म्हणून मी आत कोण न्हातंय ते विचारत नाही. पायपुसण्यावर पाय ठेवून आत आले, तेवढं पुरे. तुझ्या मनगटावर हे पांढरं काय पडलंय, तेही विचारत नाही. तू रोज सकाळी दार-खिडक्या उघड्या टाकतेस आणि चिलटांना शिव्या देतेस, ते मी वरून ऐकते. तुला माझी चूक लागली. माझ्या रेघेवरून तू रेघ ओढलीस.

पेन्सिलीनेच गिरवलीस ना? बघ, म्हणजे सगळं हातात आहे अजून.

नळ बंद झाला. घाबरू नकोस, तिकडे बघू नकोस. ऐकलंस? "कोण आलंय गं?" कुठून आला आवाज? फ्रिजमागच्या भिंतीतून. त्याला उत्तर देऊ नकोस. गोड बोलेल, देऊ नकोस.

तो कागद काढ. हे रबर घे, माझंच आहे, धुऊन आणलंय. बंदरापासून सुरू कर आणि मागे ये, दीपगृहापर्यंत, मध्ये थांबू नकोस. भुगा ओला निघेल, निघू दे, मी पदर धरते. मग माझ्यासोबत वर चल, आपण दोघी नवी रेघ मांडू. आणि आजपासून तूही, बाई माझी, ठिपका दिल्याशिवाय घास घेऊ नकोस, आणि रेघेच्या आधी जो दारात येईल त्याला घरात घेऊ नकोस.

पूस. मी इथेच आहे.